कपाटाची किल्ली

2007 साली रायगड जिल्ह्यातल्या खैराट या छोट्या गावच्या एकशिक्षकी शाळेत हिरव्या-पांढऱ्या रंगाचे, खेळण्यातले वाटावेत असे लॅपटॉप आले. भर उन्हात वाचता येणारा पडदा, पाणी सांडलं तरी न बिघडणारा कीबोर्ड, आणि इंटरनेट नसतानाही शेजारच्या लॅपटॉपशी परस्पर जोडून घ्यायची सोय. अमेरिकेतल्या एमआयटी मीडिया लॅबचे निकोलस निग्रोपॉन्टे यांनी 2005 साली ‘वन लॅपटॉप पर चाइल्ड’ ही ना-नफा मोहीम जाहीर केली होती. गरीब देशांतल्या प्रत्येक मुलाच्या हातात शंभर डॉलरचा लॅपटॉप द्यायचा, पुढचं मूल आपलं आपण शिकेल, अशी ती कल्पना. खैराट हा तिच्या भारतातल्या सुरुवातीच्या प्रयोगांपैकी एक.

किंमत शंभर डॉलरवर कधीच आली नाही. यंत्र बाजारात येईपर्यंत ती जवळजवळ दुप्पट झाली होती. भारत सरकारच्या शिक्षण खात्याने तर 2006 मध्येच नकार कळवला होता. आम्हाला आधी वर्ग आणि शिक्षक हवेत, असं तेव्हाचे शिक्षण सचिव सुदीप बॅनर्जी यांचं म्हणणं होतं. त्या वेळी अनेकांना हा सरकारी कोतेपणा वाटला. मलाही तो नकार जरा जास्तच कोरडा वाटतो, पण पुढे जे आकडे आले ते बॅनर्जींच्या बाजूचे होते.

ते आकडे आले पेरूतून. त्या देशाने आठ लाखांहून अधिक लॅपटॉप घेतले, म्हणजे मोहिमेचं सर्वांत मोठं गिऱ्हाईक तोच. तिथल्या 319 ग्रामीण प्राथमिक शाळांचा अभ्यास 2012 मध्ये प्रसिद्ध झाला. लॅपटॉप मिळालेल्या आणि न मिळालेल्या शाळांची सुमारे सव्वा वर्षानंतर तुलना केली, तर गणितात आणि भाषेत काहीच फरक सापडला नाही. मुलं यंत्र वापरायला शिकली, थोडी तरतरी आली. पण वाचता न येणाऱ्याला वाचता आलं नाही आणि भागाकार न येणाऱ्याला भागाकार आला नाही. शिक्षकांना या यंत्रांचं धड प्रशिक्षण नव्हतं, बहुतेक शाळांत इंटरनेट नव्हतं. अभ्यासक्रमातल्या कोणत्या धड्याला लॅपटॉप उघडायचा, हेही कुणी सांगितलेलं नव्हतं.

वंचित मुलांची तंत्रज्ञानातली दरी बुजवायला निघालेल्या कुठल्याही संस्थेने ही गोष्ट कार्यालयाच्या भिंतीवर लावून ठेवावी. कारण आपल्याकडे अजूनही दर वर्षी तेच होतं. कार्यक्रम होतो, फ्लेक्स लागतो, पाहुण्यांच्या हस्ते टॅबचं वाटप होतं, फोटो निघतात. मग टॅब मोजून कपाटात जातात. किल्ली मुख्याध्यापकांकडे. एखादा फुटला तर भरपाई कुणी करायची हे ठरलेलं नसतं, म्हणून कपाट सहसा उघडत नाही. यात मुख्याध्यापकांना दोष देण्यात अर्थ नाही. ज्याच्या सहीने वस्तू ताब्यात आली, तो ती जपणारच.

दरम्यान मुलांच्या घरातलं चित्र पार बदललं. प्रथम संस्थेच्या ‘असर’ सर्वेक्षणानुसार 2018 मध्ये ग्रामीण भारतातल्या शाळकरी मुलांच्या जेमतेम 36 टक्के घरांत स्मार्टफोन होता. 2021 मध्ये हे प्रमाण 67.6 टक्क्यांवर गेलं. पण त्याच 2021 च्या पाहणीत असंही दिसलं, की घरात फोन असलेल्या मुलांपैकी एक चतुर्थांशांहून जास्त मुलांच्या हाती तो पडतच नाही. फोन बाबांचा, आणि बाबा सकाळी कामावर. 2024 च्या ‘असर’मध्ये 14 ते 16 वयाच्या 82 टक्के मुलांना स्मार्टफोन वापरता येत होता. आदल्या आठवड्यात तो अभ्यासाच्या कामासाठी वापरला असं सांगणारी मुलं 57 टक्के, आणि समाजमाध्यमांसाठी वापरणारी 76 टक्के.

म्हणजे दरी आता वेगळ्या जागी आहे. ती नेमकी कुठे ते पाहायचं असेल तर दहावीच्या निकालानंतर तालुक्याच्या ठिकाणी एखाद्या सायबर कॅफेसमोर किंवा महा ई-सेवा केंद्रासमोर उभं राहावं. अकरावीचा प्रवेश 2025 पासून राज्यभर ऑनलाइन झाला. शिष्यवृत्ती महाडीबीटीवर, प्रवेश परीक्षांचे अर्ज सीईटी सेलच्या संकेतस्थळावर. रांगेतल्या मुलीला रील बनवता येतं, पण दाखल्याचा फोटो ठरावीक आकारात बसवून चढवता येत नाही. तिचा ईमेल दुकानदाराने काढलेला, पासवर्डही त्यालाच माहीत. ओटीपी जातो तो आधारला जोडलेल्या, दोन वर्षांपूर्वी बंद पडलेल्या नंबरवर. पसंतीक्रमात कोणती कॉलेजं टाकायची हेसुद्धा पुष्कळदा तो दुकानदारच ठरवतो, कारण मागे रांग थांबलेली असते. शहरातल्या ज्या घरात आईवडील संगणकावर काम करतात, तिथल्या मुलाला हा अडथळा आहे हेच ठाऊक नसतं. पुढ्यात यंत्र असूनही ते आपल्या कामाला जुंपता न येणं ही खरी दरी, आणि नुसते टॅब वाटून ती बुजत नाही.

मग संस्थांनी काय करावं? नीट तपासलेले प्रयोग पाहिले, तर चित्र बऱ्यापैकी स्पष्ट आहे.

बोत्सवानाचा प्रयोग मला यात सर्वांत बोलका वाटतो. 2020 मध्ये करोनामुळे शाळा बंद होणार असं दिसताच ‘यंग वन लव्ह’ या तिथल्या संस्थेने झटपट पालकांचे फोन नंबर गोळा केले. साडेचार हजार कुटुंबांचे चिठ्ठ्या टाकल्यासारखे तीन गट पाडले. एका गटाला काहीच नाही. दुसऱ्याला दर आठवड्याला एसएमएसवरून गणिताची काही उदाहरणं. तिसऱ्याला तोच एसएमएस, शिवाय पंधरा-वीस मिनिटांचा फोन: ताई किंवा दादा फोन करणार, पालकांना स्पीकर चालू करायला सांगणार आणि मुलाबरोबर उदाहरण सोडवणार. स्मार्टफोन नको, नेटपॅक नको. नुसत्या एसएमएसचा म्हणावा असा परिणाम दिसला नाही. फोन आलेल्या मुलांची गणितातली प्रगती मात्र स्पष्ट होती. पुढे भारतासह पाच देशांत हाच प्रयोग झाला आणि परिणाम आणखी ठळक आला. उदाहरणं दोन्ही गटांकडे होती, फरक पडला तो पलीकडच्या आवाजामुळे. शिवाय, मुलाला बेरीज येते की नाही हे त्या आवाजाला पहिल्या पाच मिनिटांत कळायचं आणि पुढचं उदाहरण त्याप्रमाणे बदलायचं.

यातली दुसरी गोष्टही तितकीच मोलाची आहे. एसएमएसचा उपयोग झाला नाही, हे संस्थेने स्वतः मोजलं आणि जगाला सांगितलं. सरकारी खात्याला अपयश कबूल करणं अवघड जातं. तिथे पुढचा प्रश्न खर्च कुणी मंजूर केला हा असतो. छोट्या संस्थेला ती मोकळीक असते. ती वापरली नाही, तर संस्था आणि पुरवठादार यांत फरक तो काय राहिला?

त्याच वर्षी आपल्याकडे पालघर जिल्ह्यात दिगंत स्वराज फाउंडेशनने ‘बोलकी शाळा’ चालवली. पाड्यांवर रेंज नाही, फोन नाहीत, तर लाऊडस्पीकरवरून धडे, कविता, गोष्टी ऐकवायच्या. मुलं अंतर ठेवून बसायची आणि सोबत गावातलंच कुणी शिकलेलं असायचं. भोंगा हे तंत्रज्ञान म्हणून मिरवावं असं काही नाही, पण त्या पाड्यावर त्या महिन्यात चालण्यासारखं तेच होतं. मुंबईतल्या शाळा तेव्हा झूमवर हजेरी घेत होत्या.

दिल्लीतला ‘माइंडस्पार्क’चा अभ्यास संगणकाच्या बाजूने बोलतो, आणि तोही ऐकायला हवा. सोडतीत नंबर लागलेली सहावी ते नववीची मुलं शाळा सुटल्यावर केंद्रात यायची. संगणकावरची प्रणाली प्रत्येकाची पातळी तपासून त्याच पातळीचं गणित आणि हिंदी द्यायची. नववीतली कित्येक मुलं प्रत्यक्षात चौथी-पाचवीच्या पातळीवर असल्याचं तिथे उघड झालं. वर्गात शिक्षक नववीचं पुस्तक शिकवतात, कारण त्यांना ते पुरं करायचं असतं; एका वर्गात पाच पातळ्यांची मुलं सांभाळणं माणसाला जमत नाही, यंत्राला जमतं. साडेचार महिन्यांत या मुलांची गणितातली प्रगती सोडतीत नंबर न लागलेल्या मुलांच्या दुपटीने झाली. पण केंद्रातला निम्मा वेळ संगणकासमोर जायचा आणि उरलेला निम्मा बारा-पंधरा मुलांच्या गटात एका शिक्षकासोबत, हा तपशील जाहिरातींमध्ये सहसा गाळला जातो.

‘प्रथम’चा जन्म 1995 चा, मुंबईतल्या वस्त्यांमधला. बालवाड्या चालवत मोठ्या झालेल्या या संस्थेने 2015 पासून महाराष्ट्र आणि राजस्थानातल्या शेकडो गावांत टॅब दिले, तेव्हा ते शाळेच्या कपाटात ठेवलेच नाहीत. पाच-सहा मुलांचा गट, गटाला एक टॅब, आणि तो सांभाळायचा मुलांनी आणि पालकांनीच. धडे मुलांच्या भाषेत आणि आधीच टॅबमध्ये भरलेले, त्यामुळे रेंजचा प्रश्न नाही. एका टॅबवर सहा डोकी म्हणजे कमतरता, असं आपल्याला वाटतं. प्रत्यक्षात प्राथमिक वयात हीच संख्या फायद्याची ठरते, कारण एकाला वाचता येतं, दुसरीला बटणं कळतात, तिसरा चुकीवर बोट ठेवतो. दिल्लीच्या कालकाजीत 1999 मध्ये सुगत मित्रांनी भिंतीत बसवलेल्या संगणकावरही मुलं गटानेच शिकली होती. त्या प्रयोगाचा गवगवा फार झाला. पण असे बसवलेले काही संगणक पुढे देखभालीवाचून ओस पडल्याची नोंदही अभ्यासकांनी करून ठेवली आहे.

इंटरनेटवाचून काम चालवण्याची तांत्रिक सोय आज बरीच सोपी झाली आहे. वहीच्या निम्म्या पानावर मावणारा रास्पबेरी पाय हा संगणक, त्यात एक मेमरी कार्ड आणि ‘कोलिब्री’सारखी मोफत प्रणाली, एवढ्यावर वर्गापुरतं वायफाय तयार होतं. पंधरा-वीस जुने फोन किंवा टॅब त्याला जोडले की व्हिडिओ आणि सराव प्रश्न सगळे उघडतात, बाहेरची एकही केबल न लागता. कार्यकर्ता महिन्यातून एकदा येतो, नवा मजकूर भरतो आणि कोणत्या मुलाने काय सोडवलं ते घेऊन जातो. मराठी मजकुराची वानवाही पूर्वीइतकी नाही: प्रथम बुक्सच्या ‘स्टोरीविव्हर’वर मराठी गोष्टी मोफत आहेत, खान अकॅडमीचं गणित मराठीत आलं आहे, बालभारतीच्या पुस्तकांवर क्यूआर कोड आहेत. अडचण आहे ती विजेची. बिल थकलं की जोडणी तोडली जाते आणि डिजिटल शाळेची पाटी तेवढी भिंतीवर उरते. संस्थेने करार करताना पहिला प्रश्न वीजबिलाचाच विचारावा.

जुन्या लॅपटॉपांबद्दल थोडंसं. विंडोज 10 चा आधार ऑक्टोबर 2025 मध्ये संपला, आणि कार्यालयांतली हजारो धडधाकट यंत्रं अकरावी आवृत्ती चालत नाही म्हणून बाजूला पडली. हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवली, रॅम वाढवली, लिनक्स टाकलं, की असं यंत्र शाळेत आणखी काही वर्षं चालतं. पण देणाऱ्याने त्यातली माहिती आधी कायमची पुसून द्यावी. बॅटरी मेलेली, चार्जर हरवलेला, तीन बटणं नसलेला लॅपटॉप दान करू नये. तो कचरा आहे, आणि खेड्यात त्याची विल्हेवाट लावायची सोय शहराहूनही कमी असते.

मुलींचा प्रश्न वेगळा मांडायला हवा, कारण तो यंत्रांच्या संख्येने सुटत नाही. 2023 च्या ‘असर’मध्ये 14 ते 18 वयोगटातल्या, स्मार्टफोन वापरता येणाऱ्या मुलग्यांपैकी 43.7 टक्क्यांकडे स्वतःचा फोन होता. मुलींमध्ये हेच प्रमाण 19.8 टक्के. मुलीच्या हातात फोन म्हणजे घराला घोर, ही समजूत संस्थेच्या एका कार्यशाळेने जात नाही. तोवर संगणक घराबाहेर पण घराजवळ हवा, केंद्रावर ताई हवी, मुलींची वेळ राखीव आणि दिवेलागणीच्या आत संपणारी हवी. ज्या केंद्रांनी एवढंही पाहिलं नाही, तिथे काही महिन्यांत मुलगेच उरतात आणि अहवालात ‘मुलींचा प्रतिसाद कमी’ असं लिहिलं जातं.

आणि शिकवायचं काय? टायपिंग आणि पॉवरपॉइंट पुरे, असं समजणाऱ्यांनी एकदा शिरूर तालुक्यातल्या पाबळला जाऊन यावं. मस्तानीच्या समाधीमुळे हे गाव अनेकांना माहीत असतं; विज्ञान आश्रमामुळे माहीत असायला हवं. हिंदुस्तान लिव्हरमधली संशोधकाची नोकरी सोडून डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी 1983 मध्ये या कोरडवाहू भागात तो सुरू केला. शाळेत न रमलेल्या, नापास झालेल्या मुलांनी वेल्डिंग करावं, माती तपासावी, वायरिंग करावं, कोंबड्या पाळाव्यात, गावाला ती सेवा विकावी आणि त्यातून विज्ञान शिकावं, ही त्यांची पद्धत. 2002 मध्ये एमआयटीचे नील गर्शेनफेल्ड यांच्या सहकार्याने तिथे फॅब लॅब उभी राहिली, एमआयटीबाहेरच्या जगातल्या अगदी पहिल्या लॅबपैकी एक. संगणकावर आखायचं आणि यंत्रावर कापून घ्यायचं, हे एमआयटीतल्या विद्यार्थ्यांना मिळत होतं तेव्हाच पाबळच्या पोरांना मिळू लागलं. त्यांनी तिथे एलईडी दिवे केले, अंडी उबवण्याची यंत्रं केली.

खैराट आणि पाबळ या दोन्ही ठिकाणी मीडिया लॅबच्याच परिसरातून निघालेलं तंत्रज्ञान आलं. दोन्ही गावं एकाच राज्यातली, काळही जवळजवळ तोच. पाबळला यंत्रं येण्याआधी एकोणीस वर्षं माणसं काम करत होती. कोणतं यंत्र कशासाठी हवं, हे त्यांना कळत होतं. बिघडलं तर ते उघडायची भीती नव्हती. म्हणून तिथलं टिकलं. आश्रमाचा ‘मूलभूत तंत्रज्ञान ओळख’ हा अभ्यासक्रम पुढे ‘लेंड अ हँड इंडिया’सारख्या संस्थांनी इतर शाळांत नेला, तोही आठवड्यातला एक दिवस आणि गावातलेच कारागीर शिक्षक, या जमणाऱ्या स्वरूपात.

हे सगळं कळूनही टॅबवाटप का थांबत नाही, याचं उत्तर पैशाच्या वाटेत आहे. कंपनी कायदा 2013 नुसार ठरावीक आकाराच्या कंपन्यांना गेल्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामावर खर्च करावे लागतात. आर्थिक वर्ष मार्चला संपतं, म्हणून जानेवारीपासून पैसे ‘लावायची’ घाई. लॅपटॉप मोजता येतात, बिल एकदाच येतं, त्यावर कंपनीचं नाव चिकटवता येतं. ताईचं मानधन दर महिन्याला द्यावं लागतं, तिच्यावर नाव चिकटवता येत नाही, आणि प्रस्तावात ते ‘प्रशासकीय खर्च’ या रकान्यात ढकललं गेलं की पहिली कात्री तिथेच चालते. मग संस्थाही शहाण्या होतात आणि जे मिळतं तेच मागतात. माझं मत विचाराल तर, यंत्रावर जेवढा खर्च कराल तेवढा तरी त्याच्याभोवतीच्या माणसावर, दुरुस्तीवर आणि विजेवर किमान तीन वर्षं करायची तयारी नसेल, तर यंत्र देऊच नये. ती रक्कम सरळ शाळेच्या वाचनालयाला द्यावी. पुस्तकाला चार्जिंग लागत नाही.

सरकारही जागचं हललेलं नाही. केंद्राच्या यू-डायस आकडेवारीप्रमाणे 2023-24 मध्ये देशातल्या 57 टक्के शाळांत संगणक आणि 54 टक्के शाळांत इंटरनेट होतं. पुढच्याच वर्षी हे आकडे अनुक्रमे 64.7 आणि 63.5 झाले. खोल्या आणि यंत्रं पुरवायचं काम सरकारचं आहे आणि ते हळूहळू होईल. संस्थांनी त्यात भर घालून सरकारची बरोबरी करण्यापेक्षा जिल्हा परिषदेच्या शाळेत असलेला संगणक रोज चालू राहील हे पाहावं, आणि तिथल्या गुरुजींना व बाईंना हाताशी धरून शिकवावं. संस्था दुसऱ्या तालुक्यात गेल्यावर ते ज्ञान शाळेत राहतं.

ज्यांना स्वतः काही करायचं आहे त्यांच्यासाठी एक नेमकं काम सांगतो. दहावीचा निकाल लागला की तुमच्या भागातल्या जिल्हा परिषदेच्या किंवा महापालिकेच्या शाळेला, वस्तीतल्या अभ्यासिकेला किंवा ओळखीच्या संस्थेला फोन करा आणि प्रवेश अर्जांच्या दिवसांत संध्याकाळी दोन तास माणूस हवा आहे का, ते विचारा. जाताना आपला लॅपटॉप, चार्जर आणि एक्स्टेंशन बोर्ड घेऊन जा. प्रत्येक मुलीचा ईमेल तिच्याच हाताने उघडवा, पासवर्ड तिचा तिला ठरवू द्या. दाखला स्कॅन कसा करायचा आणि फाइल लहान कशी करायची, ते तिला एकदा करून दाखवा आणि दुसऱ्यांदा तिच्याकडून करून घ्या. वेळ लागेल, मागची मुलं कुरकुरतील, तुम्हालाही दोन मिनिटांत स्वतःच अर्ज भरून टाकावासा वाटेल. तरी माउस तिच्याच हातात राहू द्या.